तेरा ते सोळा

दर दुसऱ्या गुरुवारी, वळणावरच्या चर्चपाशी
माझी वाचनालयाची व्हॅन वीस मिनिटं थांबते.
ऑर्कनीच्या या बेटावर आडोशाला झाड म्हणून नाही,
त्यामुळे वारा थेट दारातून आत येतो
आणि कार्डबिर्ड न दाखवता
चार पानं उलटून जातो.

त्या दिवशी धुकं होतं. कुणी फिरकलं नाही.
'तेरा ते सोळा' असं लेबल लावलेल्या खणातून
मी एक पुस्तक ओढलं,
जांभळं मुखपृष्ठ, त्यावर नाचाचे बूट, एक उलटा पडलेला.
माझं वय एक्कावन्न.
पाहायला कोण होतं?

न्यू जर्सीतली शाळा. डेल्फीन नावाची मुलगी.
तिला संगीत नाटकात नायिका व्हायचंय
आणि गळा असा, की चाचणीच्या वेळी
पियानोवरच्या बाईंनी पेन्सिल चावून तोडली.
मग तिची रवानगी विंगेत,
बसायला पालथी बादली, हातात संहिता,
प्रॉम्प्टर.
नाटक कशावर? पावाच्या कारखान्यावर!
त्यात यीस्टचं समूहगान,
सतरा मुलं, हळूहळू फुगत जाणारी.
नायक डिएगो ऐन कडव्यात शब्द विसरतो,
ही अंधारातून कुजबुजते
ती नेमकी स्वतःच्या मनातली ओळ.
आणि तो बापडा ती गातो,
तीनशे पालकांसमोर, खड्या आवाजात.

माझी मुरकुंडी वळली.
डोळे पुसून वर पाहिलं, तर दारात एर्लंड.
एकोणऐंशी वर्षांचा, बुटांना शेण,
काखेत बुडालेल्या जहाजांवरचे दोन ठोकळे.
बायको गेल्यापासून तो बुडालेलंच वाचतो.
"काय एवढं?" म्हणाला.

मी त्याला पिठाच्या वादळाचा प्रवेश वाचून दाखवला.
शाळेकडे पैसे नाहीत,
म्हणून केस वाळवायची सात यंत्रं एकदम लावली
आणि अख्ख्या गावाचे दिवे गेले.
एर्लंड बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"वाऱ्यासाठी एवढा खटाटोप?
मला कळवायचं. पोत्यात भरून पाठवला असता.
टपालखर्च तेवढा त्यांचा."
आणि हात पुढे केला.

माझी तीन प्रकरणं राहिली होती.
पण नियम म्हणजे नियम, आधी सभासद.
मी शिक्का मारला,
जरा जोरातच.

दोन आठवडे डिएगो माझ्या डोक्यात अडकून पडला,
भांडी घासताना, बोटीच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे.
मी त्याला चार वेगवेगळे शेवट दिले.
एकातही तो सुखी दिसेना.

एर्लंड आला. पुस्तकात खूण म्हणून
पेंढ्या बांधायच्या नारिंगी दोरीचा तुकडा.
"झालं वाचून?"
"दोनदा. कोकरं व्हायचे दिवस,
रात्रभर मेंढवाड्यात बसायचं. मोठ्यानं वाचलं.
मेंढ्यांना यीस्टचं गाणं मानवतं."
"आणि शेवट?"
"तो मी का सांगू?"

मग जाता जाता, पायरीवरून, पाठमोरा,
एक काळ्या तोंडाचं कोकरू झालंय म्हणाला,
दूर कोपऱ्यात बसून असतं,
आणि सगळे चिडीचूप झाले की
भलत्याच वेळी एकदाच बेंऽऽ करतं.
नाव ठेवलं, प्रॉम्प्टर.

पायरी उतरला, पुन्हा चढला.
जहाजांच्या खणाकडे नुसतं पाहिलं.
टोपी काढली, दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतात तशी,
आणि 'तेरा ते सोळा'समोर वाकून विचारलं,
"यात आणखी कुणी नाचतं का गं, थोरा?"

पुढच्या थांब्यावर मी पाऊण तास उशिरा पोचले.
रांगेतल्यांनी कारण विचारलं.
धुकं, म्हटलं.
आकाश लख्ख होतं,
आणि माझ्या खिशात नारिंगी दोरीचा तुकडा.