एक जानेवारी दोन हजार दोन

पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो,
पडदा मात्र काळाच.
मग आतून एक लांब टाहो,
जरा थांबून पुन्हा तोच.

"मोजा," फोनवर इर्शाद बागवान म्हणतो
तपकीर गल्लीतून, मागे गिऱ्हाइकांचा गलका.
"लांब का आखूड, मॅडम? नीट ऐका.
बाळ कशासाठी रडतंय ते रडण्यावरनंच कळतं."
लांब. नुसतेच लांब.
"मग रॅम. डिस्प्ले कार्ड असतं
तर एक लांब, दोन आखूड रडलं असतं."

ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरलं माझं
पत्र्या मारुतीमागच्या गल्लीत, सव्वीस वर्षं,
आणि हे व्याकरण मला आज कळतंय.

काउंटरपलीकडे ढमढेरे नवरा-बायको,
एकाच बाकावर, मधे पिशवी.
लेक कॅनडात. व्हिसाला विवाहाचा दाखला हवा,
दाखल्याला लग्नपत्रिका हवी,
आणि पत्रिका, ढमढेऱ्यांच्या मते, बाईंनी हरवली;
बाईंच्या मते, माळा साफ करायला
सांगितलं होतं कुणी?

पत्रिका मीच जुळवली होती.
फाइल नव्या मशीनवर नेऊन पाहिली, तर
'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी
चौकोन, डॉलर, दोन प्रश्नचिन्हं.
ते अक्षर फक्त या म्हाताऱ्याला लागतं.

वायर काढली. पत्रा उघडला.
आत धुळीची गोधडी, एक टाचणी,
आणि कुठल्याशा मुंजीच्या पाकिटावरून निसटलेला
सोनेरी कागदी गणपती.
त्याला उचलून कॅलेंडरवर चिकटवला.
पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातांवरून
प्रुफांचाच खोडरबर फिरवला, हळू,
मग खाचेत बसवून दाबली.
"दोन्ही बाजूंनी टक् यायला पाहिजे," इर्शाद.
आला एकाच बाजूने.

पुन्हा टाहो.
"सोडा हो," ढमढेरे उठले, "प्रतिज्ञापत्र करू."
बाईंनी पिशवी मांडीवर घेतली.
उठल्या नाहीत.

मी अंगठे लावले. टक्. टक्.

या वेळी आखूड. एकच.
फोनमध्ये इर्शाद "हां" म्हणाला
आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला.

काळ्यावर पांढरी अक्षरं:
घड्याळाचा सेल संपला आहे,
तारीख आठवत नाही, एफ-वन दाबा.
दाबलं. कोपऱ्यात उमटलं
एक जानेवारी दोन हजार दोन.

"याच्या हिशोबी," मी म्हटलं,
"तुमचं लग्न व्हायचंय अजून."
"मग विचार करायला सवड आहे म्हणा की,"
बाई पहिल्यांदा हसल्या.
ढमढेऱ्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

डिस्क कुरकुरली, बराच वेळ,
गुडघे धरून जिना चढावा तशी.
मग आली: शके एकोणीसशे सव्वीस, वैशाख,
आहेर आणण्याची तसदी घेऊ नये,
आणि चि. सौ. कां. दामीनी.
म-ला दुसरी वेलांटी.

पाचशे प्रती. माझी चूक.
"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.
"सासूबाईंनी तीच वाचली पहिल्यांदा.
शेवटपर्यंत तशीच हाक मारली, लांबवून."
ढमढेरे म्हणाले, "आईला चष्मा नव्हता तेव्हा,"
आणि मग काहीच नाही.

एक कळ खोडायची, एक टाइप करायची.
सेव्ह.
फायलींच्या यादीत पाहिलं, अखेरचा बदल:
एक जानेवारी दोन हजार दोन.
म्हणजे नोंदीप्रमाणे
चूक व्हायच्या दोन वर्षं आधीच
मी ती सुधारलेली आहे.

दोन प्रती काढल्या, चाळीस रुपये.
गेली दोघं. पिशवी आता ढमढेऱ्यांच्या हातात.

नवा सेल ड्रॉवरमध्ये आहे,
तीस रुपयांचा, नाण्याएवढा.
संध्याकाळी इर्शादचा फोन: "बसवला का?"
म्हटलं, बसवते उद्या-परवा.
अजून चार-सहा फायली बघायच्यात.