न्यूटन ते न्यूटन

डेल्बर्ट उनरूच्या हँगरमध्ये कॉफी गाळत नाहीत,
सकाळी चढवतात आणि संध्याकाळपर्यंत उकळतात.
तिथे बसून मी यादी वाचली:
वेग हवा, चार आसनं हवीत,
कोलोरॅडोचे डोंगर ओलांडायचा दम हवा,
गवतावर उतरायला हवं, आणि पेट्रोल कसं,
चिमणीनं प्यावं तेवढं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणाला, आहे ना असं विमान.
फक्त ती तीन विमानं आहेत.

मग आम्ही स्थळं पाहायला निघालो.
हे वरच्या पंखांचं, खालची शेतं न्याहाळायला उत्तम,
पाऊस आला तर पंखाखाली उभं राहावं.
हे खालच्या पंखांचं, देखणं, कायम घाईत,
गवत दिसलं की नाक मुरडणारं.
आणि ते कोपऱ्यातलं, शेपूट टेकून बसलेलं,
हवेत शहाणं, जमिनीवर आडमुठं.
प्रत्येकाची पत्रिका होती, तेल लागलेली, जाडजूड.
एकाला गारांचा मंगळ होता,
डाव्या पंखावर अजून खळगे,
आणि नोंद करणाऱ्यानं लिहिलं होतं: किरकोळ.

चार आसनं म्हणजे चार माणसं नव्हेत,
डेल्बर्टनं पेन्सिल जिभेवर ओली केली.
टाकी काठोकाठ भरलीस तर दोघं आणि एक पिशवी.
चौघं बसवलेस तर अर्धी टाकी,
मग डॉज सिटीच्या पुढचं मनात आणू नकोस.
गुरांच्या पेंडीच्या काट्यावर त्यानं मला उभं केलं.
मी बूट काढायला वाकले.
"उडताना अनवाणी असतेस?"
सगळी सोंगं आणता येतात,
वजनाचं येत नाही.

"आता गेल्या वर्षीची वही काढ.
हवंय काय ते नको. केलंस काय ते वाच."
भाड्याच्या विमानातले एकाहत्तर तास.
त्यातले सहासष्ट एकटीचे:
दातांचा दवाखाना पाचला बंद करून
गव्हावरून, धान्याच्या पांढऱ्या कोठारांना वळसा घालून
उजेड असेतो घरी.
डोंगर: शून्य.
चौघं: एकदा, मार्चमध्ये.
भाचा ओकला, आणि बहीण म्हणाली, वैजू,
परत आम्ही गाडीनंच जाऊ.

नऊ खेपांसाठी विमान घ्यावं, डेल्बर्ट म्हणाला,
दहावीला भाड्यानं आणावं.
मी म्हटलं, पण झोप उडते ती दहावीमुळेच.
त्यावर त्यानं कॉफी ओतली. माझ्याच कपात, पुन्हा.

हात धुवायला मागे गेले
तर ताडपत्रीखाली आणखी एक.
सहा आसनं. इंजिनाच्या जागी नुसती पोकळी,
तिथे पाकोळ्यांनी मातीची घरटी लिंपलेली.
काचेला डोळे लावले:
मागचे दोन पट्टे लहान मुलांच्या मापाला आवळलेले,
आवळले तेव्हापासून कुणी सैल न केलेले.

"हे केवढ्याला?"
"ते विकाऊ नाही."
पेन्सिल त्याच्या कानामागेच होती.
या विमानाचा हिशेब मात्र
त्यानं मांडून दाखवला नाही.

शेवटी मी ते आडमुठं घेतलं.
दोन आसनं, एकामागे एक,
मागच्यावर थर्मास बसतो, पट्टा बांधून.
समोरून वारा असला की
हायवेवरचे ट्रक मला मागे टाकतात,
एखादा भोंगाही वाजवत असेल, ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी नवी वही उघडली.
कुठून: न्यूटन.
कुठे: न्यूटन.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
लिहिलं, गहू पिकत आलाय,
आणि खाली, जरा बारीक अक्षरात,
मागची जागा: रिकामी, सध्या.