पंजा, डोळा आणि तिसरं काही

क्लाक्सविकच्या धक्क्यावर त्यांनी मला जागा दिली
ती मटण वाळवायच्या खोपटात.
भिंती फळ्यांच्या, दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट,
वारा आत येतो, टांगलेल्या तंगड्या चाचपून जातो.
"इथे संगणक तापणार नाही," हेग्नी म्हणाला.
गंजेल, हे मी बोलले नाही. पहिलाच दिवस होता.

काम दोन ओळींचं सांगितलं होतं.
सॅमनच्या जाळ्यांखाली उतरणारा एक रोबो,
भोक शोधतो, शिवतो, वर येतो.
त्याच्या सॉफ्टवेअरचे एकोणतीस तुकडे
एका हुकमासरशी, कुठल्याही मशीनवर,
बांधून उभे राहिले पाहिजेत.
आजवर ते फक्त एयुनच्या लॅपटॉपवर उभे राहत,
तेही एयुनला सर्दी नसेल तर.
आणि तळाशी एक फोल्डर होतं, "हात लावू नये" नावाचं,
ज्याला सगळ्यांचे हात लागलेले.

मी याद्या केल्या. कोण कुणावर टेकलंय,
कुणाच्या आधी कोण.
आधी कळस मग पाया, असा कारभार.
मोटर फिरवणारा तुकडा
मोजमापाचा तुकडा जन्मायच्या आत
त्याच्याकडे आकडे मागत बसलेला.
एकेक ओळीने लावला. पंप. दिवा. खोलीमापक.
रोबोच्या पोटातला प्रोसेसर वेगळ्या जातीचा,
त्याच्यासाठी सगळं पुन्हा, वेगळ्या भांड्यात.
आठवडाभर माझ्या स्वेटरला मेंढीचा वास.

सत्तावीस जमले.
मग घोडं पेंड खाऊ लागलं.
पंजा म्हणे, डोळा असल्याशिवाय मी बांधून घेणार नाही.
डोळा म्हणे, आधी पंजा.
पडद्यावर लाल ओळी, खाली खाली खाली,
आणि शेवटी एक वर्तुळ, ज्याला सुरुवात नाही.

डोळा एयुनने लिहिलेला. पंजा हेग्नीने.
सख्खे भाऊ. एकाच टेबलाची दोन टोकं.
वडिलांची बोट कुणी विकायला काढली, यावरून
सतरा महिने अबोला.
लागेल ते एकाने दुसऱ्याच्या कोडमधून परस्पर उचलायचं,
रात्री, न विचारता,
झोपलेल्या माणसाच्या खिशातून काडेपेटी काढावी तसं.

मी दोघांना वेगवेगळं गाठलं.
दोघं म्हणाले, "त्याला सांग, त्याने सोडावं."

म्हणून तिसरं काढलं.
एक नवा तुकडा, जवळजवळ रिकामा.
त्यात मोटर नाही, कॅमेरा नाही, अक्कल नाही.
फक्त एवढंच, की एकमेकांना काय कळवायचं, कोणत्या आकारात.
भोक: डावीकडून इतकं, खोल इतकं, रुंद इतकं.
खात्री: शून्य ते एक.
धरलं का: हो किंवा नाही.
पंजा याच्यावर टेकेल, डोळा याच्यावर टेकेल,
एकमेकांवर कुणीच नाही.

पण ते लिहायला दोघं लागत होते.
बसले. मधे मी, आणि थर्मासमधली गार कॉफी.
"खोली कशात?" मी विचारलं.
"मीटर," एयुन खिडकीला म्हणाला.
"वाव," हेग्नी टेबलाला म्हणाला. "बाबा वावेतच मोजायचे."
बाहेर कुणीतरी दोर ओढत होतं,
तो पुरता ओढून होईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग हेग्नी म्हणाला, "मीटर चालेल."
एयुनने मान वळवली. अर्धी.
"शेऱ्यात वाव लिहू," तो म्हणाला. "कंसात."

चार वाजून वीस मिनिटांनी एकोणतीसच्या जागी तीस,
सगळे हिरवे.
मी ओरडले, तर एक तंगडी हलली; वाराच असेल.
भाऊ आले, पाहिलं, बरं म्हणाले,
आणि जेवायला वेगवेगळ्या रस्त्याने गेले.

संगणकाचा एक स्क्रू तांबूस झालाय.
त्याला बोटाने तेल लावलं, वर मेणकापड टाकलं,
आणि सुरी काढून सगळ्यात जुन्या तंगडीची
एक पातळ कापटी कापली,
कुणाची ती, न विचारता.