तांबडा चिमटा

आंजर्ल्याला, समुद्राकडे पाठ केलेल्या त्या लॉजच्या दारात
खुर्चीवर एक तसराळं ठेवलं होतं,
त्यात कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे.
हिरवा लावला तर या, बोला.
पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच.
तांबडा म्हणजे नको.
इतकंच.
एकेचाळीस वर्षं मी हे वाक्य शोधत होते
आणि ते दापोलीच्या बाजारात
वीस रुपये डझन मिळत होतं.

मी तांबडा घेतला. मग अजून एक, राखीव.

पहिल्या दुपारी एकोणतीस माणसं जेवायला बसली
आणि कुणी कुणाला "बाकी काय विशेष?" विचारलं नाही.
सोलकढी वेगळ्या वाटीत,
भाताला न टेकलेली. मागावी लागली नाही.

सुपारीच्या बागेत मांडव, तेच सभागृह.
ट्यूबलाइट काढून ठेवलेली.
पहिला वक्ता मुजफ्फर परकार, खेडचा,
विषय : नोकरीच्या मुलाखती.
चाळीस मिनिटं तो बोलला बंद पडलेल्या बोटींवर,
कुठल्या बंदराला धक्का होता,
कुठे पडावातून उतरावं लागायचं, साड्या वर धरून.
शेवटी म्हणाला, "मुलाखतीत मी हेच सांगितलं होतं."

टाळ्या नव्हत्या. हात वर करून बोटं हलवायची.
माडाच्या झावळ्यांसारखी दिसतात, कुणीतरी म्हणालं.
मला नाही दिसली.
बोटांसारखीच दिसली.

शेजारी वृषाली डुलत होती, पुढे मागे.
मीही डुलले.
चौथीत बाईंनी पट्टीने थांबवलेली ती हालचाल
पाठीत तिथेच होती,
थांबली होती त्या जागेपासून सुरू झाली.

आई म्हणायची, माणसांत मिसळावं गं.
मीठ मिसळतं, मला वाटायचं,
आणि मग मीठ कुठे असतं?

भांडणही झालं. दुसऱ्या रात्री.
लीलाधरला गाज सहन होईना,
प्रज्ञाला खिडकी लावलेली सहन होईना.
दोघंही खरे.
एक वाजता त्याने गादी उचलून कोठीच्या खोलीत नेली,
तांदळाच्या पोत्यांमध्ये,
आणि सकाळी जाहीर केलं, पुढच्या वर्षीही इथे मीच.

स्वयंपाकाला नलूकाकू, पाजपंढरीच्या.
आल्या दिवशी विचारलं होतं, "ह्यांना झालंय तरी काय?"
वृषाली म्हणाली, "झालेलं काही नाही. आहोत."
काकूंनी मान हलवली, पटल्यासारखी नाही,
पण संध्याकाळचे बोंबील
मागच्या अंगणातल्या चुलीवर भाजले,
वास आत येऊ नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर
काकू दाराशी गेल्या,
तसराळ्यात हात घालून बराच वेळ चाळवत राहिल्या
आणि पदराला तांबडा चिमटा लावला.
मागच्या पायरीवर बसल्या, पाय लांब करून,
विहिरीकडे तोंड.
घरून तीनदा फोन आला. वाजू दिला.
आम्ही पाहिलं सगळ्यांनी.
कुणी गेलं नाही.
चहा मुजफ्फरने केला, फार गोड,
एक कप पायरीवर ठेवला हात पोचेल इतक्या अंतरावर,
आणि वळला.

निघताना चिमटे मोजायचं काम मी मागून घेतलं.
मोजायला मला आवडतं.
बारा डझन आणले होते.
माझे दोन्ही धरून एकशेत्रेचाळीस भरले.
पुन्हा मोजले.
स्वयंपाकघरात काकू पातेली पालथी घालत होत्या,
आवाज न करता.

वहीत मी एकशेचव्वेचाळीस लिहिलं.
शाईने.