पाणी कुठं असतंय?

विमानतळ आमचा केवढा, तर दारातनं हाक मारली
की बॅगांच्या पट्ट्याजवळचा माणूस वळून बघतोय.
तरी माणसं चुकतात.

मगदूम मास्तर चुकले.
पोरीनं पाठवलेलं तिकीट घामानं मऊ झालेलं.
म्हणाले, "बाई, फलाट कितवा?"
मी मॉप भिंतीला टेकवला. फलाट नसतोय मास्तर, गेट.
आधी पट्टा, घड्याळ, चपला, सगळं ट्रेमध्ये.

कापशी चपला. करकरणाऱ्या.
पडद्याआड गेल्या तेव्हा मास्तर अनवाणी,
देवळात असल्यागत हात जोडून उभे.
साहेब हसला नाही. मला बरं वाटलं.

चटणीची बरणी मात्र अडली. तेल वर आलं होतं.
मास्तरांनी ती माझ्या हातात दिली,
झाकणावर पोरीचं नाव.

मग दाखवलं: नळ पिळायला शोधू नका,
हात खाली धरला की सुटतोय.
फोन इथं चार्ज करा. चहाचे पैसे आधी विचारा.
बाळाची खोली रिकामी दिसली तरी तिथं पडू नका.

विमान गेलं. मी काच पुसली.

रात्री नऊला फोन. बरणीसाठी नंबर दिला होता मीच.
मागं केवढा कल्ला.
"हौसाबाई, हैद्राबादला उतरलोय. लई मोठं हाय हे.
पाणी कुठं असतंय?"

मी गोकुळ शिरगावात, हाताला पीठ.
म्हटलं, मास्तर, खाली बघत चला.
फरशी जिथं ओली असंल
तिथं कोणतरी बाई असंल.
तिला विचारा.