साठावा दिवस

विट्यात सकाळी अकराला वरात निघाली,
कुण्या हौशीनं सुतळी बॉम्ब लावला,
आणि प्रांत कचेरीच्या टाकीखाली
तीन वर्षं बिनभाड्यानं राहणारं
आग्या मोहोळ उठलं.

साहेब जीपमध्ये, काचा वर करून.
आवक-जावकचे मुल्ला भाऊसाहेब
डोक्यावर फाइल धरून पळताना
नोकरीत पहिल्यांदाच दिसले.
शिपाई गेनबानं घोंगडं पांघरून
दाराला कुलूप घातलं, खडूनं लिहिलं :
मोहोळ उठलेमुळे आज कामकाज बंद.

मी समोरच्या शेडात, टाइपरायटरपाशी,
तोंडावर पदर, पदरावर प्लास्टिकचा कागद.
पाऊण वाजता उत्तम शितोळे आले,
सेलमहून रेल्वेनं मिरज, मिरजेहून एसटी,
गलाईच्या तेजाबानं बोटं पिवळी पडलेली.
अपील मीच टाइप करून ठेवलेलं,
त्यांनी फोनवर सांगितलं तसं.
फक्त सही राहिली होती.
सही करताना म्हणाले,
बाई, आज साठावा दिवस.

फेरफारात थोरल्या बहिणीचं नाव गाळलेलं.
वारस : दोन.
गाळणाऱ्या भावाविरुद्ध हे दुसऱ्या भावाचं अपील,
आणि मंजूर झालं तर
ह्यांचाच हिस्सा निम्म्याचा तिसरा व्हायचा.
असा कागद माझ्या यंत्रातून
आधी कधी निघाला नव्हता.
दोनदा विचारलं होतं मी फोनवर,
नीट ऐकलंय ना मी?

म्हटलं, घाबरू नका. कायद्याला हे ठाऊक आहे.
शेवटच्या दिवशी कचेरीच बंद असली
तर पुन्हा उघडेल तो दिवस शेवटचा.
कुलपाचा दिवस पक्षकाराच्या अंगावर येत नाही.
ते म्हणाले, असं कुठं असतंय होय?
मुशीतलं सोनं कुणासाठी थांबत नाही.

मग दुपारभर फाटकाशी उभे.
गेनबाला म्हणाले, तूच घे हा अर्ज.
गेनबा म्हणाला, मला घ्यायचा अधिकार नाही,
मी फक्त कुलूप.
दाराचा फोटो काढा म्हटलं, काढला.
त्यात त्यांचा अंगठाच जास्त आला.
सव्वासहाला त्यांनी हात जोडले.
कुणाला, ते मला कळलं नाही,
टाकीखाली माशा परत बसत होत्या.

मुक्कामाला बहिणीकडं जा, म्हटलं,
आळसंद काय, हाकेवर.
म्हणाले, आक्काला यातलं काही माहीत नाही.
आणि स्टँडवर झोपले,
पिशवी उशाला, अपील बनियनच्या आत.

सकाळी खडू पुसलेला.
झाडणाऱ्या बाईचा काय दोष,
तिला दार स्वच्छ ठेवायचा पगार.
मुल्ला भाऊसाहेबांनी बोटावर दिवस मोजले,
पुन्हा मोजले.
साठ कालच संपले. विलंब माफीचा अर्ज जोडा.
विलंबाचं कारण काय?

शितोळे काही बोलले नाहीत.
मीही नाही.
आम्ही भाऊसाहेबांच्या डाव्या डोळ्याकडं बघत राहिलो,
उंबरासारखा सुजला होता, मिटलेला.
मागं गेनबा उगाच खाकरला.
भाऊसाहेबांचा हात हळूच वर गेला,
पापणीला लागला, झटकन मागं आला.

शिक्का बसला. आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
वरची ओळ परवाची होती.
दोन्हींच्या मध्ये त्यांनी पट्टी ठेवून
तांबडी रेघ मारली, बारीक अक्षरात लिहिलं :
काल कार्यालय बंद.
एवढीच जागा मिळाली त्या दिवसाला.
डिंकाच्या बाटलीत एक माशी अडकली होती,
तिचा एक पाय अजून हलत होता.

पोच घेऊन शितोळे शेडात आले,
घडी घातली, उलगडली, परत घातली.
टाइपिंगचे पैसे दिले, मोजून, चहासकट.
सेलमची गाडी रात्रीची होती.
थोडं थांबून विचारलं,
आळसंदची एसटी किती वाजता?

दहा चाळीस, मी म्हटलं.
पण ड्रायव्हर माने असला तर लवकर सोडतो.