कसर

ब्रुस्ये गावात सगळे तिला लेवांदा म्हणतात.
लॅव्हेंडर फक्त बंदरावर, पर्यटकांशी बोलताना.
पेरिना मावशी दोन्ही म्हणत नाही. म्हणते, 'ती'.
"ती अजून तयार नाही. दव वाळू दे."

जुलै, सकाळचे नऊ. दगडी बांधांमधून
ती गुडघ्याएवढी उभी, मधमाश्यांनी जड झालेली,
आणि मावशी एकेक जुडगा मुठीत धरून
विळा असा ओढते की माशी उठते,
शेजारच्या जुडग्यावर बसते, रागावत नाही.
मला नाही जमत. मला दरवर्षी डंख.
मग तिच्या खिशातली बाटली, बोटावर एक थेंब.
"झालं. आता रडायचं तर समुद्राकडे तोंड करून."

हिचं बी रुजत नाही.
फांदी तोडून दगडांत खोचावी लागते.
सबंध डोंगरावर म्हणे एकाच आईच्या फांद्या.
मी सातवीत असताना आग आली तेव्हा
दोन उतार काळे झाले, आणि तीन दिवस
बेटाला इतका सुंदर वास येत होता
की लोकांना लाज वाटली.

दुपारी भट्टी. तांब्याच्या हंड्यात
विस्को काका पायांनी तुडवून भरायचे तिला.
वाफ नळीत, नळी गार पाण्यात,
आणि शेवटी, गाडीभर फुलांचं,
पाण्यावर तरंगणारं बोटभर तेल.
ते पाणी चादरींवर शिंपडायचं.
चोथा कोंबड्यांखाली.

काका गेले त्याला सहा वर्षं.
त्यांचा लोकरी स्वेटर अक्रोडाच्या पेटीत,
चार कोपऱ्यांत चार पुरचुंड्या.
गेल्या हिवाळ्यात मावशीने तो काढला,
खिडकीपाशी उजेडात धरला.
धागा न् धागा शाबूत. कसर लागली नाही कुठेच.
मग तोंडाला लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

मला वाटलं, रडतेय.
"नाही गं," म्हणाली, "नुसती तीच आहे यात.
तंबाखू नाही, डिझेल नाही, सार्डिन नाही,
मानेपाशी आंबूस यायचा, तोही नाही.
आणि मी वेडी, दर उन्हाळ्यात
नेमाने पुरचुंड्या बदलत होते."

बंदरावर मी टेबलावर बाटल्या मांडते.
झोप लागत नाही? उशीवर दोन थेंब.
डोकं चढलंय? कानशिलाला.
भाजलं, चावलं, जीव घाबरा झाला?
त्यालाही. सगळे हुंगतात, डोळे मिटतात,
मग पाकीट काढतात.
"कपड्यांत ठेवली तर चालेल?"
चालेल की, म्हणते मी, कसर राहणार नाही.
आणि सुट्टे पैसे शोधू लागते.

स्वेटर आता दारामागे खुंटीवर असतो, उघडाच.
डाव्या बाहीला मसुराएवढं भोक पडलंय.
संध्याकाळी, हातपाय धुऊन झाल्यावर,
मावशी त्यात करंगळी घालून बसते.